इतर हक्क

मागच्या विकांताला गावी जाऊन आलो. गणपती नाहीत, शिमगा नाही, कुणाचं लग्नही नाही. काकाचा फोन आला होता. "तू ते एक्सेल की काय ते करतोस ना दिवसभर, तसं आपल्या वारसांचं करून दे. वकिलांनी मागितलंय." आयटीतल्या मुलाला घरचे लोक साधारण तीन कामं सांगतात: प्रिंटर बघ, रेल्वेचं तिकीट काढ आणि मोबाईलमध्ये जागा करून दे. हे चौथं निघालं. शुक्रवारी रात्री पुण्याहून एस्टी पकडली आणि सकाळी आजीच्या हातच्या चहाला हजर.

चहा पडवीत बसून प्यायलो. माझ्या लहानपणी या पडवीसमोर खळं होतं, खळ्यात तुळस, मग गडगा, गडग्यापलीकडे दोन फणस आणि त्यानंतर कुठे रस्ता. आता पडवी उतरलं की चार पावलांवर गटार आणि त्याला लागून महामार्ग. ट्रक गेला की कपातला चहा हलतो. आजी म्हणते, सवय झाली. मी मात्र प्रत्येक ट्रकला वर बघतो.

गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे, हातखंब्यापासून फार लांब नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही, भावकी हल्ली सगळं वाचते :) ज्यांनी रत्नागिरी फक्त रेल्वेतून पाहिली त्यांच्यासाठी थोडा भूगोल. हा महामार्ग रत्नागिरी शहरात शिरतच नाही. शहराच्या पूर्वेला, बारा-पंधरा किलोमीटरवरून, हातखंब्यावरून तो निघून जातो. मिऱ्या बंदरापासून कुवारबावमार्गे येणारा कोल्हापूर-नागपूरचा रस्ता त्याला हातखंब्याला मिळतो, पालीपर्यंत दोघं एकत्र जातात, आणि मग एक गोव्याच्या वाटेला लागतो, दुसरा आंबा घाट चढतो. म्हणजे आमच्या भागात दोन महामार्गांचं रुंदीकरण आहे.

तर काम असं होतं. चौपदरीकरणात आमच्या दोन सर्व्हे नंबरांमधले काही गुंठे गेले. नोटीस आली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. पुढे मोबदला ठरला, पण वाटप झालं नाही. कारण सातबारावर नावं तेवीस. त्यातली नऊ माणसं हयात नाहीत, सहा मुंबईत, दोन बडोद्यात, आणि एक आतेआजोबा १९७० च्या सुमारास घरातून निघून गेले ते कुणालाच माहीत नाहीत. या सगळ्यांचे वारस, त्या वारसांचे वारस, प्रत्येकाचा हिस्सा आणि कोणाची सही झाली, कोणाची नाही, असा तक्ता वकिलांना हवा होता.

काकाने कपाटातून कापडात गुंडाळलेलं दप्तर काढलं. जुने सातबारे, फेरफारांच्या नकला, एक फाटका नकाशा. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फेरफार नोंदवही म्हणजे व्हर्जन कंट्रोल: कधी, कोणाच्या अर्जावरून, काय बदललं, सगळं क्रमाने. मी शनिवारी सकाळी बसलो ते थेट दुपारच्या जेवणाला उठलो. आणि त्या दप्तरात मला वारसांपेक्षा जास्त काहीतरी सापडलं. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

*

सातबाराचा कागद तुम्ही नीट पाहिला नसेल तर एकदा पाहा. एका बाजूला मालकांची, म्हणजे भोगवटादारांची नावं. सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं. पण शेजारी आणखी एक रकाना असतो. त्यात कुळाचं नाव, सोसायटीचं कर्ज, विहिरीतला हिस्सा, कुणाची जायची-यायची वाट असलं काहीबाही लिहिलेलं असतं. बोलताना सगळे त्याला "इतर हक्क" म्हणतात. मालक कोण हे पहिला रकाना सांगतो. त्या जमिनीवर आणखी कुणाकुणाचं पोट, पाणी आणि पाऊल अवलंबून आहे हे दुसरा रकाना सांगतो.

आमच्या एका तुकड्याच्या इतर हक्कात समोरच्या तात्यांच्या आजोबांचं नाव होतं. साधं कूळ.

मला हे माहीतच नव्हतं. तात्या म्हणजे आमचे शेजारी. त्यांचं घर रस्त्यापलीकडे. पावसाआधी ते आमच्या फणसाखालच्या तुकड्यात भाताचा तरवा काढायचे, हे मी लहानपणापासून पाहत आलो. तो तुकडा आमचा, तरवा त्यांचा, आणि भात झोडून झाल्यावर आमच्याकडे थोडे तांदूळ यायचे. मला ती शेजारधर्माची गोष्ट वाटायची. ती कागदावर होती. आणि रस्त्यात गेलेल्या गुंठ्यांपैकी निम्म्याहून जास्त याच तुकड्यातले.

काकाला विचारलं. तो म्हणाला, "हो, आहे नाव. जुनं आहे ते. अर्ज करून कमी करून घेऊ."

आता हे "जुनं" किती जुनं, ते बघायला मी मागे मागे जात राहिलो.

*

कोकणात रस्ता ही गोष्ट मुळात नवी. इथला खरा महामार्ग समुद्र होता. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बंदरं, आणि बंदरापर्यंत खाडीतून येणारे पडाव. घाटावर जायचं तर बैलांच्या पाठीवरून. पुढे आगबोटी आल्या. मुंबईच्या गिरणीत नोकरीला गेलेला चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचा आणि बंदरावर उतरून डोक्यावर ट्रंक घेऊन गावी चालत यायचा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे चार महिने गाव आणि मुंबई यांचा संबंध पत्रापुरता. माझ्या पणजोबांच्या वेळची घरं म्हणूनच पाण्याजवळ, बावीजवळ आणि शेताच्या कडेला आहेत. रस्त्याच्या कडेला असण्यात तेव्हा काही फायदा नव्हता.

मग मोटार रस्ता आला, एस्टी आली, बोटी बंद पडल्या आणि गावाने हळूहळू तोंड फिरवलं. दुकान रस्त्यावर, पिठाची गिरणी रस्त्यावर, शाळा रस्त्यावर, आंब्याच्या पेट्या भरायची जागा रस्त्यावर. पनवेलहून महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली करत गोव्याला जाणारा हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग १७. (२०१० साली देशभरच्या महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा तो ६६ झाला. आमच्याकडे मात्र "सतरा नंबर" म्हणणारे अजून आहेत.) १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तरी रस्त्याचं महत्त्व कमी झालं नाही. स्टेशन गावापासून लांब असतं, एस्टी दारात थांबते.

एक गंमत बघा. वाड्या आधीच्या, रस्ता नंतरचा. त्यामुळे रस्ता जिथून गेला तिथे वाडीच्या मधून गेला. घर अलीकडे आणि बाव पलीकडे, खळं इकडे आणि शेत तिकडे, देऊळ वर आणि मसणवट खाली. रस्ता दोन पदरी होता तोवर कुणाचं काही अडलं नाही. उजवी-डावीकडे बघायचं आणि पलीकडे जायचं. कळशी घेऊन, गुरं घेऊन, शिमग्यात पालखी घेऊन. रस्ता वाडीचंच एक लांबलचक अंगण होता. मी सायकल तिथेच शिकलो.

*

आता जमिनीकडे येतो. ही बाजू मला शाळेत कोणी नीट शिकवली नव्हती.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली बरीचशी गावं खोती होती. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत माणूस. सारा सरकारला किती जातो आणि कुळाकडून किती घेतला जातो, यातलं अंतर खोताचं. भातशेतीला निम्मं पीक द्यायचं ती अर्धेल, तिसरा हिस्सा द्यायचा ती तिर्धेल, आणि वर वेठ. इंग्रज सरकारने जमिनी मोजायला घेतल्या तेव्हा खोत की कूळ, जमीन नक्की कोणाची, हा प्रश्न इतका पेटला की १८८० साली खोतीसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यात खोताचं स्थान टिकलं आणि कुळांचे प्रकार ठरले.

पुढे डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते स्वतः याच जिल्ह्यातल्या आंबडवे गावच्या घराण्यातले, तेव्हा खोती म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. त्यात कोकणातली कुळं मोठ्या संख्येने होती. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

त्याच्या जोडीला १९४८ चा कूळकायदा, आणि मग १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची, कुळाने ती भरायची, आणि हातात ३२-म चं प्रमाणपत्र घ्यायचं. ज्या कुळाकडे तो कागद आहे त्याचं नाव इतर हक्कातून उठून मालकाच्या रकान्यात जातं. एका रकान्यातून शेजारच्या रकान्यात, बस्स. त्या दोन इंचांसाठी दोन-तीन पिढ्या गेल्या आहेत.

पण कायद्यात काही अपवाद होते. जमीनमालक विधवा असेल, अज्ञान असेल किंवा सैन्यात असेल तर कुळाची खरेदी लगेच होत नाही, पुढे ढकलली जाते. नंतर कुळाने ठरावीक मुदतीत नोटीस द्यायची, तर ती होते. यात विधवेला आधार मिळावा हा हेतू होता आणि तो चांगलाच होता.

१९५७ साली आमच्या सातबारावर माझ्या पणजीचं नाव होतं. पणजोबा आधीच गेले होते.

म्हणजे काय झालं असेल ते मी एक्सेल बाजूला ठेवून ताडलं. खरेदी पुढे ढकलली गेली. पुढे पणजी वारली. नोटीस द्यायची असते हे तात्यांच्या वडिलांना कोण सांगणार? ते तेव्हा मुंबईला गोदीत होते. घरी त्यांची आई तरवा काढत होती, आमच्याकडे तांदूळ पोचवत होती, आणि सगळं नीट चाललं होतं. नीट चाललेल्या गोष्टीसाठी चिपळूणला वकील कोण शोधतो? कागद तिथेच थांबला आणि माणसं पुढे गेली.

आम्ही कुणाला फसवलं नाही. पण एका कुटुंबाच्या न दिलेल्या अर्जावर दुसरं कुटुंब सत्तर वर्षं मालक राहिलं, हेही खरं. शनिवारी दुपारी जेवताना मला तात्यांच्या तांदळाची आठवण झाली आणि घास थोडा अडकला.

*

आता रुंदीकरण. आधीच सांगतो, मी या रस्त्याच्या विरोधात नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला. दोन एस्ट्या आणि इतर गाड्या त्याच्यासोबत गेल्या. एक एस्टी जयगडहून सुटलेली, दुसरी राजापूरहून. दोन्ही आमच्या जिल्ह्यातल्या. त्या आठवड्यात गावात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्या रस्त्यावर ज्यांची माणसं गेली आहेत त्यांच्यासमोर उभं राहून "आमचा फणस तोडू नका" असं मी म्हणू शकत नाही.

काम दोन भागांत झालं. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. तिथे काम २०११ ला सुरू झालं आणि दहा वर्षांनंतरही अपुरं होतं. इंदापूरच्या पुढचा, म्हणजे आमचाही भाग, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे. चिपळूणपासून खाली परशुराम घाट ते आरवली, आरवली ते कांटे, कांटे ते वाकेड असे तुकडे पाडले गेले.

जमीन घेतली जाते ती राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ खाली. क्रम असा: ३-अ ची अधिसूचना, ३-क खाली २१ दिवसांत हरकती, मग ३-ड ची घोषणा, मग ३-ग खाली मोबदला. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याचा मोबदला १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाला. बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला १ ते २ चा गुणक, आणि त्यावर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून. पूर्वीच्या मानाने हे पैसे खरंच चांगले आहेत. घराचं मूल्यांकन बांधकाम खातं करतं, झाडांचं कृषी खातं, मोजणी भूमी अभिलेखची. आमच्या दोन्ही फणसांना पैसे लागले, कलमांना लागले, एका शेवग्यालाही लागले.

या सगळ्यात मला अडकवणारं वाक्य ३-ड मध्ये आहे. घोषणा प्रसिद्ध झाली की ती जमीन पूर्णपणे केंद्र सरकारची होते, "सर्व भारांपासून मुक्त". म्हणजे कर्जाचा बोजा, कुळाचा दावा, वहिवाट, सगळं त्या जमिनीवरून उतरतं. ते बरोबरच आहे, नाहीतर रस्ता कधीच होणार नाही. पण ज्याला कायदा भार म्हणतो तो सातबारावर कुठे लिहिलेला असतो? त्याच दुसऱ्या रकान्यात. इतर हक्कांत. जमिनीवरून उतरलेले हक्क मोबदल्याच्या पैशांवर जाऊन बसतात, आणि पैसे वाटताना मग तीनशे वर्षांचा हिशोब निघतो.

अतिशयोक्ती करत नाहीये. परशुराम घाटाचं काम वर्षानुवर्षं का रखडलं ते बघा. चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रह्मेंद्रस्वामींनी उभं केलं. जंजिऱ्याच्या सिद्दीने त्याला पेढे आणि आंबडस ही गावं इनाम दिली. गंमत म्हणजे १७२७ मध्ये हेच देऊळ सिद्दी साताने उद्ध्वस्त केलं, आणि तेही पुन्हा उभं राहिलं. आता त्याच पेढे-परशुरामच्या डोंगरातून चौपदरी रस्ता जायचा तर मोबदला कोणाला? देवस्थानाला, खोताला की कसणाऱ्या कुळांना? या वादात घाटातलं काम अडकलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. अखेर काम सुरू झालं तेव्हा डोंगर कापायला म्हणून २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत घाट रोज दुपारी काही तास बंद ठेवावा लागला. गाडीत ताटकळणारे लोक ठेकेदाराला शिव्या देत होते. त्यांच्यासमोरच्या डोंगरात सिद्दी, खोत, कूळकायदा आणि महामार्ग कायदा असे चार थर होते, ते गाडीतून दिसत नाहीत.

आमच्या दप्तरात तेच थर लहान अक्षरात होते.

*

शनिवारी संध्याकाळी तात्यांकडे गेलो. पूर्वी हे अंतर वीस पावलांचं होतं. आता मध्ये डिव्हायडर आहे. खालच्या अंडरपासपर्यंत जायचं आणि पलीकडच्या बाजूने परत वर यायचं, चांगली पंधरा मिनिटं. घड्याळ लावून पाहिलं, इंजिनिअर आहे शेवटी. पावसात अंडरपासमध्ये पाणी भरतं तेव्हा लोक डिव्हायडरवरूनच उडी मारतात. आजीचं वय ८४. तिने उडी मारायची नाही असं ठरवलंय, त्यामुळे ती तात्यांच्या काकीला आता सणासुदीलाच भेटते. चाळीस वर्षं दोघी एकाच बावीवर पाणी भरत होत्या.

तात्या म्हणाले, "रस्ता होवा रं बाला, कोन नाय म्हनतो? पन म्हातारीनं पलीकडं जायाचं कसं, ह्ये कुनी नकाशात बघलं नाय."

पालखीचंही तेच झालं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते. वाटेतल्या कुठल्या घरी आधी, कुठल्या नंतर, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आता पालखी आधी एका बाजूची सगळी घरं घेते आणि मग अंडरपासमधून दुसऱ्या बाजूला जाते. मानाचा क्रम मोडला म्हणून पहिल्या वर्षी भांडण झालं, दुसऱ्या वर्षी कुरबुर, आता सवय.

या गोष्टी कुठल्याच रकान्यात नाहीत, इतर हक्कांतही नाहीत. त्यामुळे त्यांचं मूल्यांकनही नाही.

हे फक्त कोकणात होतं असं नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनेच्या प्राध्यापकाने सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन सारख्याच रस्त्यांचा अभ्यास केला होता. १९८१ साली त्याचं पुस्तक आलं. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते, गजबजलेल्या रस्त्यावर १ सुद्धा नाही, ०.९. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेसने क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवेच्या एका मैलासाठी ईस्ट ट्रेमाँट वस्तीतली १,५३० कुटुंबं उठवली, ती कहाणीही प्रसिद्ध आहे. पण आमच्यात आणि ब्राँक्समध्ये एक फरक आहे. तिथे माणसं उठवली. आमच्याकडे बहुतेक माणसं तिथेच राहिली, फक्त त्यांच्या मधलं काढून घेतलं. हे नुकसान विस्थापितांच्या यादीत येत नाही, कारण कुणी विस्थापित झालेलंच नसतं.

*

रविवारी सकाळी काकाशी बोललो. इथे काकाला खलनायक करणं सोपं आहे, पण तो तसा नाही. रस्त्याच्या कडेला त्याचं छोटं हॉटेल होतं. वडापाव, चहा, उन्हाळ्यात कोकम सरबत. एस्टीचे ड्रायव्हर थांबायचे. मोजणी झाली तेव्हा कळलं की हॉटेलची जागा रस्त्याच्या जुन्या हद्दीतच येते. म्हणजे ते अतिक्रमण. बावीस वर्षं चाललेल्या धंद्याचे शून्य रुपये मिळाले. कागद नव्हता. तेव्हापासून या मोबदल्यावर त्याचा डोळा आहे आणि त्यात काही चूक नाही.

मी म्हटलं, "काका, हॉटेलचे पैसे का नाही मिळाले तुला?"

"कागद नव्हता म्हणून."

"आणि तात्यांकडे कागद आहे. अर्धा का होईना."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुला पुण्यात पगार आहे." हे खरं होतं, म्हणून मीही काही बोललो नाही.

आजी आतून ऐकत होती. ती तांदूळ निवडत निवडतच म्हणाली, "त्यांचाच तो तुकडा. तुझ्या पणजीनं कधी नाही म्हटलं नाही, तुम्ही कोण म्हणणारे?" आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं.

कायद्याने यात काय होईल हे मला सांगता येणार नाही. कुळाचा हक्क टिकतो की मुदत उलटून गेली, हे ठरवायला वकील आहेत. मोबदल्याच्या वाटपावरून वाद झाला तर सक्षम अधिकारी ते प्रकरण दिवाणी न्यायालयात पाठवतो, आणि तिथे गेलं की काकाची मुलगी आणि तात्यांचा नातू दोघंही म्हातारे होतील. त्यापेक्षा दोन्ही घरांनी बसून आकडा ठरवावा आणि संमतीने लिहून द्यावा, असं माझं मत. कुळाचं नाव "जुनं आहे" म्हणून गुपचूप कमी करून घेणं हा एकच मार्ग मला मान्य नाही. कारण माझ्या घराचं खळं "सर्व भारांपासून मुक्त" झालं तेव्हा आम्हाला किमान एक नोटीस तरी आली होती. तात्यांना तीही येणार नाही.

म्हणून मी तक्ता पूर्ण केला. वारसाचं नाव, मयत किंवा हयात, हिस्सा, पत्ता, सही. शेवटी वकिलांनी न मागितलेला एक रकाना जोडला आणि वर लिहिलं: इतर हक्क. त्यात तात्यांच्या आजोबांचं नाव, फेरफार क्रमांक आणि त्यांच्या आज हयात असलेल्या पाच वारसांची नावं. वकिलांना मेल केली, काकालाही केली. आणि एक प्रिंट काढून तात्यांना नेऊन दिली. जाऊन-येऊन अर्धा तास लागला.

काकाचं उत्तर अजून आलेलं नाही. पण त्याने रविवारी रात्री मला एस्टीला सोडायला हातखंब्यापर्यंत आणलं, आणि पिशवीत आजीने दिलेल्या डब्याशेजारी किलोभर तांदूळ होते. कुणी दिले ते मी विचारलं नाही. 

या विकांताला पुन्हा जायचं आहे. तात्यांचा नातू म्हणाला, त्यांच्या कपाटातही एक दप्तर आहे, पण मोडीत आहे. कुणाला मोडी वाचता येत असेल तर कळवा.